परिस्थितिविज्ञान शिकायला सुरुवात कोठून करावी : एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला परिस्थितिविज्ञान (इकॉलॉजी) लागले आहे, पुस्तकात व्याख्या आणि पिरॅमिडच्या आकृत्या यांपलीकडे फारसे काही सापडत नाही, घरी यवतमाळकडे कापसाचे वावर आहे, आणि हे खरोखर शास्त्र आहे की ‘झाडे लावा, पाणी वाचवा’ याचेच भारदस्त नाव आहे, अशी शंका तुम्हाला येते. भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी हा विषय बरीच वर्षे शिकवल्यावर मी एवढे म्हणेन की शंका रास्त आहे. मात्र दोष विषयाचा नसून आम्ही तो ज्या रीतीने शिकवतो तिचा आहे.

व्याख्येपुरते बोलायचे तर हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६ साली ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या शास्त्राचे नाव घडवले, आणि परिसंस्था (एका ठिकाणचे सजीव व त्यांचे निर्जीव परिसर मिळून होणारी व्यवस्था) ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्स्ली यांच्या १९३५ च्या लेखातून रूढ झाली. परीक्षेला हे पुरेसे आहे. प्रत्यक्षात या शास्त्राचा प्रश्न असा असतो की एखादा जीव अमुक ठिकाणी, अमुक संख्येने का आहे आणि शेजारच्या ठिकाणी का नाही. पर्यावरणाचे रक्षण करावे की नाही, हे ते सांगत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा आणि शरीरक्रियाशास्त्र यांत जे अंतर आहे, तेच येथे आहे.

हा ‘का’ मोजणीशिवाय सुटत नाही, आणि मोजणी दिसते तितकी सोपी नाही. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी एका मामा तलावातील (जुन्या मालगुजारांच्या काळातला, माजी मालगुजारी म्हणून मामा) वनस्पती मोजत होतो. बांबूच्या चार कामट्या बांधून केलेली एक मीटर बाजूची चौकट टाकायची, आतील प्रत्येक रोप मोजायचे, वहीत लिहायचे आणि पुढे सरकायचे, असे ते काम होते. महिनाभराच्या नोंदींवरून मी निष्कर्ष काढला की तलाव बेशरम या झुडपाने गिळला आहे. मार्गदर्शकांनी वही चाळली आणि एवढेच विचारले, “पाळीपासून (तलावाच्या बांधापासून) किती आत गेला होतास?” मी गेलोच नव्हतो. चिखलात पाय रुतू नयेत म्हणून कडेकडेनेच चौकट टाकत गेलो होतो, आणि बेशरम नेमके कडेला, पाणी उतरून गाळ उघडा पडतो तेथे माजते. त्याची तुटलेली फांदीसुद्धा ओल्या गाळात मुळे धरते. पुढच्या हंगामात जागा मी निवडायचीच नाही असे ठरवले. एस.टी.च्या जुन्या तिकिटांची जुडी खिशात ठेवून, तिकिटाच्या क्रमांकातील शेवटच्या दोन आकड्यांइतके मीटर पाळीपासून आत जायचे, असा नियम केला. कंबरभर पाण्यात उतरल्यावर देवधान (रानटी भात) आणि कमळ माझ्या वहीत पहिल्यांदा आले. यादृच्छिक नमुना या शब्दाची व्याख्या मला आधीपासून पाठ होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता पुस्तकातल्या ‘दहा टक्क्यांच्या नियमा’विषयी (अन्नसाखळीत प्रत्येक पातळीवरून वरच्या पातळीला दहा टक्केच ऊर्जा पोहोचते, असा तो नियम), कारण विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी फसगत तेथे होते. रेमंड लिंडमन या अमेरिकी संशोधकाने मिनेसोटातील सीडर बॉग लेक या लहानशा, उथळ तळ्यात ऊर्जा एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर किती पोहोचते याचा हिशेब मांडला. तो लेख १९४२ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या काही महिने आधीच वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ते वारले. त्या हिशेबात वनस्पतींनी बांधलेली ऊर्जा आलेल्या सूर्यप्रकाशाच्या केवळ ०.१ टक्का होती, शाकाहारी पातळीची कार्यक्षमता १३.३ टक्के होती आणि त्यावरच्या पातळीची २२.३ टक्के. दहा हा आकडा यात कोठेही नाही. तो नंतर रूढ झालेला ढोबळ अंदाज आहे. नियम म्हणून पाठ केला की उरलेली ऊर्जा जाते कोठे हा खरा प्रश्नच मागे पडतो. काही भाग खाल्लाच जात नाही, काही खाल्ला तरी पचत नाही आणि पचलेल्यातला बराचसा श्वसनात उष्णता होऊन निघून जातो. या तिन्हींचे प्रमाण धानाच्या बांधीत वेगळे, तलावात वेगळे आणि सागाच्या जंगलात आणखी वेगळे असते. पाण्यात तर वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) एका वेळचे वजन त्यांना खाणाऱ्या प्राणिप्लवकांहून (तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांहून) कमीही भरू शकते, कारण वनस्पतिप्लवक भराभर वाढतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात. म्हणजे प्रत्येक पातळीचे वजन एकावर एक मांडून काढलेला पिरॅमिड उलटा होतो. ऊर्जेचा होत नाही. हा फरक समजला असेल तर ते प्रकरण तुम्हाला समजले आहे असे खुशाल धरा.

तुमच्या स्वतःच्या वावरातील उदाहरण याहूनही बोलके आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी पऱ्हाटीची (अळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाची) जी नासाडी केली, तिचा विचार निव्वळ फवारणीचा प्रश्न म्हणून न करता जीवसंख्येचा प्रश्न म्हणून करून पाहा. हिरवी बोंडअळी कापसाबरोबर तूर आणि हरभराही खाते. त्या पिकांवर बीटी विषाचा संबंध न आलेल्या अळ्या वाढतात आणि त्यांचे पतंग प्रतिकारक (विषाला न जुमानणाऱ्या) पतंगांशी संकर करून प्रतिकार पातळ करत राहतात. गुलाबी अळीचा मुक्काम मात्र मुख्यतः कापसावर असतो, त्यामुळे बहुतेक सर्व वावरे बीटीची झाल्यावर तिला विषमुक्त आसराच उरला नाही. हा आसरा मिळावा म्हणून बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी मिळत असे. ती किती जणांनी धुऱ्याकडेने पेरली, हे तुमच्या वडिलांना विचारा. आमच्या घरी तरी ती पेरली गेली नव्हती. त्यात भर पडली फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवण्याची, कारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीने अळीला उपासाचा काळच राहू दिला नाही. खाद्याची व्याप्ती, संख्यावाढ आणि नैसर्गिक निवड ही तीन स्वतंत्र प्रकरणे येथे एकाच बोंडात भेटतात.

मोजणीने संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो. रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर एका खडकाळ पट्ट्यातून एकाच जातीचे शिकारी तारामासे सतत काढून टाकले आणि शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासे नसलेल्या पट्ट्यात शिंपल्यांनी जागा बळकावली आणि जातींची संख्या १५ वरून ८ वर आली, असे त्यांनी १९६६ साली मांडले. यातली मोलाची गोष्ट न छेडलेला शेजारचा पट्टा ही आहे. तो नसता तर फक्त एक कहाणी उरली असती.

म्हणून सुरुवात पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासून करू नका. यंदा बोंडे धरू लागली की वावरात दोन तुकडे ठरवा, एक कडेचा आणि एक मधला. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक तुकड्यातून, झाडे आधी आकड्यांनी निवडून, वीस हिरवी बोंडे तोडा, चिरा आणि आत अळी आहे की नाही ते तारखेसह लिहा. चांगले दिसणारे बोंड टाळण्याचा किंवा किडके मुद्दाम उचलण्याचा मोह होईल. तो झाला तर तेही वहीत लिहा. चार वेळांच्या नोंदी झाल्या की आकडे येथे मांडा. दोन तुकड्यांतील फरक खरा की योगायोगाचा, हे तपासण्याची रीत त्या आकड्यांवरच पाहू.