ऑक्टोबरात पुण्यात फिरताना काय पाहावं, म्हणजे ते आठवणीत राहील?

तुम्ही विचारलंय की नोकरीनिमित्त चार वर्षं पुण्यात राहूनही शहर मनात उतरलेलं नाही, तर शरदात निघणाऱ्या शहरफेऱ्या आणि निरीक्षण-आठवणींच्या कार्यशाळांनी काही फरक पडतो का. पडतो. दसरा ते दिवाळी या दिवसांत मी स्वतः अशी छोटी फेरी घेते, त्यामुळे अनुभवावरून सांगते.

आधी एक सांगून ठेवते. दोन तासांत पंधरा ठिकाणं दाखवणारी फेरी इतिहासासाठी चांगली. पण बघायला शिकायचं असेल तर एक गल्ली पुरे होते. आणि 'गळलेली पानं गोळा करा' असं सांगणाऱ्या परदेशी पद्धतीच्या कार्यशाळा आपल्याकडे जुळत नाहीत, कारण आपली पानगळ शिशिरातली. शरदात इथे पाऊस नुकताच सरलेला असतो. जुन्या दगडी भिंतींवरचं शेवाळ हिरव्याचं तपकिरी होत असतं, आणि बुचाच्या झाडाखाली सकाळी पांढरा सडा पडलेला असतो. त्यातलं एक फूल उचलून बघा. देठासारखी दिसते ती खरं तर फुलाचीच लांब नळी. म्हणून तर बुचाची वेणी दोऱ्याशिवाय, नळ्या एकमेकींत गुंफून करता येते. माझ्या गटात ही वेणी घालता येणारं कुणीतरी हमखास निघतं, आणि हात गुंफायला लागले की लहानपणीची शाळा, अंगण, मैत्रिणी सगळं आपोआप बोलण्यात येतं.

सुरुवात मी शनिवारवाड्याजवळ करते. तिथे पोहोचायच्या आधीच प्रत्येकाला दिल्ली दरवाजा आठवून काढायला सांगते. अणकुचीदार खिळे सगळे काढतात, पण वरचा नगारखाना बहुतेकांच्या चित्रात नसतो. मग चित्र हातात घेऊन समोर उभं राहायचं. आपण काय पाहिलंच नव्हतं ते कळलं, की नजर आपसूक सावध होते.

तिथून कसब्यातली तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली. काम चालू असेल अशा दिवशी जा, आणि कारागिरांना विचारून, वाटेत न येता एका कडेला बसा. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं धरून तांबट हातोडीने ते मठारत असतो. एका ठोक्याला लागून दुसरा, ओळीत, जरा म्हणून जागा सोडायची नाही. प्रत्येक ठोक्याचा एक छोटा चकचकीत खळगा उठतो. या मठारण्याने भांडं नुसतं सुंदर दिसत नाही, पत्रा कडकही होतो. दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं तर भांड्याचा तळ आणि काठ यांचा आवाज वेगळा लागतो, हेही कळतं.

गेल्या वर्षी तिथे एक आजी बराच वेळ गप्प बसल्या होत्या. लिहायची वेळ झाली तेव्हा त्यांनी अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबाबद्दल लिहिलं. मधल्या नळीत पेटवलेली लाकडं, भोवतीचं पाणी, खाली साठणारी राख, आणि गळकी तोटी म्हणून आईने तिला बांधलेली चिंधी. नरकचतुर्दशीला पहाटे त्या चिंधीतून टपटपणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू यायचा, मग उटण्याचा वास. आईचा चेहरा मला नीट आठवत नाही, म्हणाल्या, पण ती गाठ कशी मारायची ते आठवतंय. त्यांनी ओढणीच्या टोकाला तशी गाठ मारून दाखवली. आम्ही सगळे ती बघत राहिलो.

म्हणून माझ्या फेरीत लिहायची अट एकच असते: 'सुंदर', 'जुनं', 'छान' हे शब्द वापरायचे नाहीत, वस्तू लिहायची.

कार्यशाळा नाही मिळाली तरी अडून बसू नका. ऑक्टोबरचं ऊन नऊनंतर सोसत नाही, तेव्हा सातलाच निघा. फोन खिशात ठेवा, फोटो काढायचा तर अगदी शेवटी. सोबत साधी वही घ्या आणि तीच गल्ली आठवड्याने पुन्हा गाठा. दिवाळी जवळ आली असेल तर वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत मुलं किल्ल्यासाठी माती कालवताना दिसतील. त्यांना विचारा, हा कुठला किल्ला. बुरूज कुठे आणि का ठेवला, हे ती अगदी मनापासून सांगतात.