पाचट ठेवायला वडिलांचा विरोध आहे, नवीन पद्धत करून कशी बघावी?

तुम्हाला ऊस तुटल्यावर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, न पेटवता खोडवा (त्याच खोडांतून पुन्हा फुटणारा ऊस) राखायचाय. वडील म्हणतात, पाचटानं खोडवा पिवळा पडतो, पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात. माझ्या मते वडिलांचं तिन्ही बाबतींत खरं आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, ‘असं का होतं’ एवढं विचारत राहा. पद्धतीत काय बदलायचं ते तिथंच सापडतं.

पिवळेपणाचंच बघा. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि कोवळ्या फुटव्यांना कमी पडतं. म्हणून पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायची शिफारस आहे. हे वगळलं तर वडिलांचाच अनुभव पुन्हा येणार.

पाचट सरीत दाबून बसवा, बुडख्यांवर, म्हणजे तोडीनंतर उरलेल्या खोडांवर, राहू देऊ नका. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा, म्हणजे जमिनीखालचे जोमदार डोळे फुटतात. पहिल्या पाण्याला वेळ लागतोच. सरी लांब असेल तर मधे आडवा पाट काढा. पुढची खतं पाचटावर फेकू नका, युरियातलं नत्र हवेत उडून जातं. बुडख्यापासून अर्ध्या फुटावर पहारीनं चार-सहा इंच खोल भोक पाडून खत द्या, एक-एक फुटावर.

आता चाचणी. सगळं रान पणाला लावू नका, शेजारी-शेजारी पाच-पाच गुंठ्यांचे दोन पट्टे घ्या. जमीन सारखी, तोड एकाच दिवशीची. कुठल्या पट्ट्यात पाचट ठेवायचं ते वडिलांना ठरवू द्या. दुसऱ्यातलं पाचट ओढून बाहेर काढा. शेजारी आच्छादन असताना काडी लावली तर एका ठिणगीनं दोन्ही पट्टे जातील. पाच गुंठ्याला ४ किलो युरिया, ५ किलो सुपर फॉस्फेट, अर्धा किलो संवर्धन लागेल. तेवढाच युरिया आणि सुपर फॉस्फेट दुसऱ्या पट्ट्यालाही द्या. इथंच बहुतेकांचं चुकतं: खताचा गुण पाचटाच्या नावावर जमा होतो.

प्रत्येक पट्ट्यात तीन ठिकाणी खुंट्या रोवून दहा-दहा फुटांतले फुटवे मोजा. पाण्याच्या तारखा आणि भांगलणीची (तण काढण्याची) मजुरी लिहा, तोडीला वजन वेगळं करा. आणि किती घट आली तर पाचट सोडायचं, हा आकडा आजच वहीत दोघांनी मिळून लिहा. नंतर ठरवलं तर मन आपल्याला हवा तोच अर्थ काढतं.

उंदरांची बिळं दर आठवड्याला बघून बुजवा. पाणी द्यायच्या आदल्या दिवशी वडिलांना घेऊन जा, पाचट बाजूला सारून खालची मूठभर माती दाबायला सांगा, मग तशीच शेजारच्या पट्ट्यातली. लाडू होतो की भुगा, ते त्यांच्या हाताला कळेल.