क्वार्टरबॅकचा दुसरा करार: आकडा येतो कुठून?

प्रश्न: २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या सिनसिनाटी बेंगल्स संघाने आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) जो बरो याला ५ वर्षांचे २७.५ कोटी डॉलर दिले. म्हणजे वर्षाला साडेपाच कोटी. एनएफएलमध्ये हे भाव ठरतात कसे?

उत्तर: डॉलर बाजूला ठेवा, सॅलरी कॅपची, म्हणजे संघाच्या खेळाडूंवरच्या वार्षिक खर्चाच्या मर्यादेची, टक्केवारी बघा. २०२३ ची कॅप २२.४८ कोटी होती. साडेपाच कोटी म्हणजे तिचे साधारण २४.५ टक्के. २०२० मध्ये दुसरा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याचे वर्षाला साडेचार कोटी तेव्हाच्या १९.८२ कोटींच्या २२.७ टक्के होते. फरक वाटतो तेवढा नाही. कॅप वाढते, आकडे फुगतात.

शिवाय ही सरासरी फक्त नव्या वर्षांची. बरोच्या जुन्या, म्हणजे लीगमध्ये येतानाच्या पहिल्या, कराराची दोन स्वस्त वर्षं शिल्लक होती. ती धरून सात वर्षांची सरासरी बरीच उतरते. मथळ्यात हे कधीच नसतं!

घासाघीस करताना संघाच्या हातात फ्रँचाइझ टॅग असतो, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या पगारावर आणखी एक वर्ष राखून ठेवण्याचा हक्क. पण लागोपाठ दुसऱ्यांदा लावला तर आदल्या वर्षाच्या किमान १२० टक्के पगार, तिसऱ्यांदा क्वार्टरबॅकला १४४ टक्के. एजंटची मागणी इथूनच वर सरकते.

खरी लढाई हमीच्या रकमेवर होते. बरोला हमी सुमारे २१.९ कोटींची, बाकीचं संघाच्या मर्जीवर.

गोची होते ती साइनिंग बोनसने, म्हणजे करारावर सही केल्याबद्दल मिळणाऱ्या रकमेने. समजा, ४ कोटी बोनस दिला. कॅपच्या हिशेबात तो जास्तीत जास्त ५ वर्षांत विभागता येतो, वर्षाला ८० लाख. दोन वर्षांनी खेळाडू सोडला, तर उरलेले २.४ कोटी कॅपमध्ये धरावेच लागतात.