क्रियापदाचं शेपूट : वाचकांच्या शंका

प्रश्न : पाचशे फ्रेझल व्हर्ब्जची (क्रियापदामागे 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द लागून होणाऱ्या जोड्यांची) यादी दोनदा पाठ केली, पण ऑफिसच्या कॉलवर एकही वेळेवर आठवत नाही. 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांत तर हमखास घोळ होतो. – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : दोष तुमच्या पाठांतराचा नाही, यादीचा आहे. गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे अशी सख्खी भावंडं एकाखाली एक उभी केली, की चार दिवसांत कोण कुठला ते कळेनासं होतं. त्यापेक्षा वहीत क्रियापदाचं नव्हे, त्यामागच्या शेपटाचं पान करा : एक 'अप'चं, एक 'ऑफ'चं, एक 'आउट'चं.

हा प्रकार आपल्याला परका नाही. 'खा' आणि 'खाऊन टाक', 'बोललो' आणि 'बोलून बसलो' यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागला नाही. 'खाऊन टाक'मध्ये फेकाफेक नसते, काम संपवणं असतं. इंग्रजीतला 'अप' पुष्कळदा हेच करतो : ईट अप म्हणजे खाऊन टाकणं, यूज अप म्हणजे वापरून संपवणं. 'ऑफ'च्या पानावर तुटणं, सुटणं, दूर होणं सापडेल : कट ऑफ, टेक ऑफ (बूट काढणं आणि विमानाचं उडणं, दोन्ही). पुट ऑफ म्हणजे ठरलेल्या तारखेपासून दूर ठेवणं, कॉल ऑफ म्हणजे रद्दच करणं. गहुंजेची मॅच पुट ऑफ झाली तर तिकीट जपून ठेवा, कॉल ऑफ झाली तर पैसे परत मिळतात का बघा. सगळेच असे सरळ उलगडत नाहीत. 'पुट अप विथ', म्हणजे सहन करणं, कुठल्याच पानावर नीट बसत नाही. ते मुकाट्यानं पाठ करावं.

आठवड्याला आठ पुरेत. समोर नुसता मराठी अर्थ लिहू नका. 'पुट ऑफ – पुढे ढकलणे' एवढंच लिहिणारा उद्या बंद पडलेली स्कूटरही 'पुट ऑफ' करेल. प्रत्येकाची दोन पूर्ण वाक्यं लिहा, दोन्ही आपल्या रोजच्या कामातली : एकात नाम, दुसऱ्यात 'इट' किंवा 'देम'. एक तरी भूतकाळी असू द्या, कारण बदलतं ते फक्त क्रियापद, शेपूट जसंच्या तसं राहतं : गिव्ह अप, गेव्ह अप. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी इंग्रजी बाजू झाकून मराठीवरून वाक्य म्हणून बघा.

प्रश्न : 'टर्न ऑफ इट'ला बाईंनी काट मारली, 'लुक आफ्टर हर' मात्र बरोबर. असं का? – विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर : बाई बरोबर आहेत. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' ही दोन्ही चालतात, पण पंख्याच्या जागी 'इट' आला की तो मध्येच बसतो : टर्न इट ऑफ. इंग्रजी वाक्यात जोराची, नव्या माहितीची जागा साधारणपणे शेवटची. 'इट' म्हणजे आधीच बोलून झालेली वस्तू, तिला ती जागा मिळत नाही. कर्म लांबलचक असेल तर उलटं, ते शेवटी टाका. 'लुक आफ्टर'मधला 'आफ्टर' मात्र आपल्या 'कडे'सारखा पुढच्या शब्दाला धरून असतो, म्हणून तिथे काहीच मध्ये शिरत नाही.

मोठ्यानं म्हणून बघ : 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक आफ्टर हर'मध्ये 'लुक'वर. शंका राहिलीच तर लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, उघड. तिथे 'समथिंग' हा शब्द मध्ये छापलाय की शेवटी, हे पाहायचं. अप्पा बळवंत चौकात अशी डिक्शनरी घेताना आधी 'टर्न'चं पान उघडून ही सोय आहे का ते बघावं. नुसते अर्थ दिलेली स्वस्त पुस्तिका इथे कामाची नाही.

प्रश्न : 'आय पास्ड आउट इन २०१९' यात चूक काय? – नोकरीच्या शोधात, वारजे

उत्तर : आपल्याकडे काही नाही. परदेशी मुलाखतकार मात्र समजेल, की २०१९ मध्ये तुमची शुद्ध हरपली होती. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड बिनचूक आहे, लष्करी प्रशिक्षण पूर्ण करण्याला ब्रिटिश इंग्रजीत तसंच म्हणतात. जाता जाता : 'कोप अप विथ'मधला 'अप' काढा, आणि 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नको, 'मीटिंग' हवं.

प्रश्न : हे बोलीतले प्रयोग प्रबंधात चालतात का? – संशोधक, औंध

उत्तर : निवडून. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत अवघड जाणारा प्रकार म्हणून यांचाच उल्लेख केला. त्याच्या उदाहरणांतला 'सेट इन' आजही मान्सूनच्या बातम्यांत दिसतो. म्हणजे सगळेच उथळ बोलीतले नाहीत. 'कॅरी आउट', 'पॉइंट आउट' खुशाल लिहा. 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन', 'पुट अप विथ'ऐवजी 'टॉलरेट' बरं दिसतं. आणि प्रयोगाची मांडणी हे नाम असेल तर 'सेटअप' जोडून, मांडणी करणं हे क्रियापद असेल तर 'सेट अप' तोडून.