वाचकांचे प्रश्न : विद्यापीठ, विद्यार्थी आणि मतदान

विद्यार्थी परिषद, विद्यापीठाची अधिसभा (सिनेट) आणि मतदार नोंदणी यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आमचा वर्ग प्रतिनिधी प्राध्यापकच ठरवतात. वडिलांच्या काळी महाविद्यालयात प्रचार, मतदान, विजयी मिरवणूक असे सगळे होत असे. निवडणुका बंद का झाल्या आणि आजचा कायदा काय सांगतो? – एक विद्यार्थिनी

आपल्या वडिलांची आठवण खरी आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पूर्वी थेट निवडणुका होत असत आणि पुढे राज्याच्या राजकारणात नाव मिळवलेले अनेक जण त्यांतूनच आले. मात्र ऐंशीच्या दशकात या निवडणुकांत पैसा, बाहेरची माणसे आणि दहशत यांचा शिरकाव होत गेला. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, तेव्हा पालकांचा आणि शिक्षकांचा धीर सुटला. थेट निवडणुका गुंडाळल्या गेल्या आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेचा निकष आणला. मागील परीक्षेत पुढे असलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्यांनी वर्ग प्रतिनिधी म्हणून नेमायचे आणि अशा प्रतिनिधींनी आपल्यातून सचिव निवडायचा, अशी ती पद्धत होती.

त्यामुळे मारामाऱ्या थांबल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याला वर्गाने निवडले नाही त्याला वर्गापुढे उभे राहून उत्तर देण्याचे कारण उरत नाही. त्याचे लक्ष साहजिकच नेमणूक करणाऱ्याकडे राहते. परीक्षेत पहिला येणे आणि ऐंशी जणांचे गाऱ्हाणे कार्यालयात नेटाने मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच व्यक्तीला दोन्ही जमतात असे क्वचितच घडते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याने मतपेटी परत आणली. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांचा एक प्रतिनिधी हे सर्व विद्यार्थ्यांच्या थेट मतांनी, तर वर्ग प्रतिनिधी त्या त्या वर्गाच्या मतांनी निवडले जावेत, अशी त्यात तरतूद आहे. राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना, क्रीडा आणि सांस्कृतिक विभाग यांचे प्रतिनिधी प्राचार्य नेमतात. २०१९ मध्ये या निवडणुकांची तयारी झाली होती, पण विधानसभा निवडणूक तोंडावर आल्याने त्या पुढे ढकलण्यात आल्या आणि पुढच्या वर्षी करोनाने महाविद्यालयेच बंद पडली. कायद्यात असलेली ही पद्धत राज्यभर नियमित रुजू शकली नाही, ती अशी. अभ्यासक्रमात लोकशाही आणि निवडणूक यांवर श्रेयांक द्यायचे आणि प्रत्यक्ष मतपेटी मात्र कपाटात ठेवायची, ही विसंगती मला खटकते.

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकतो. तो एका विद्यार्थी संघटनेत जाऊ लागला आहे. अभ्यासाचे नुकसान होईल का? त्याने मतदार म्हणून नाव पुण्यात नोंदवावे की लातूरला? – एक पालक

पहिल्या प्रश्नात आपली काळजी रास्त आहे आणि ती न्यायालयानेही विचारात घेतलेली आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये लागू केल्या. त्यांनुसार उमेदवाराची उपस्थिती किमान ७५ टक्के हवी, त्या वर्षी त्याचा कोणताही विषय राहिलेला नसावा आणि पदवी अभ्यासक्रमासाठी त्याचे वय १७ ते २२ या मर्यादेत असावे. खर्चाची कमाल मर्यादा ५,००० रुपये आहे, छापील भित्तिपत्रकांना मनाई आहे आणि पदाधिकारी होण्याची संधी एकदाच मिळते. वर्षानुवर्षे नापास होत आवारातच मुक्काम ठोकणाऱ्या ‘नेत्यां’ना या नियमांनी दार बंद केले. (हातांनी रंगवलेल्या फलकांचा नियम मोबाईलवरील प्रचाराच्या काळात जरा केविलवाणा वाटतो, हा भाग वेगळा.) मुलाला संघटनेतून ओढून काढण्यापेक्षा तो तिथे नेमके काय करतो हे त्याला विचारावे. तो नुसता घोषणांना जात असेल तर बोलणे आवश्यक आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज का रखडले याची टिपणे काढत असेल तर तोही अभ्यासच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. वसतिगृहातील विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या गावी किंवा शिक्षणाच्या ठिकाणी, यांपैकी कोणत्याही एका जागी नाव नोंदवता येते. पुण्यात नोंदवायचे असल्यास नमुना ६ या मतदार नोंदणीच्या अर्जासोबत महाविद्यालयाचे प्रमाणपत्र जोडावे. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र कायद्याविरुद्ध आहे. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता दिनांकांपैकी ज्या दिनांकास १८ वर्षे पूर्ण होतात त्यानुसार नोंदणी होते आणि सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

प्रश्न : मी रत्नागिरीचा पदवीधर आहे. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात माझे नाव होते, तरी विद्यापीठाच्या अधिसभा निवडणुकीत मला मत देता येणार नाही असे सांगण्यात आले. हे कसे? – एक वाचक

शब्द एकच असल्याने हा घोटाळा नेहमी होतो, पण या दोन याद्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदाप्रमाणे विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा पदवीधर निवडतात. महाराष्ट्रात ७८ पैकी अशा ७ जागा आहेत. त्यासाठी आपण त्या मतदारसंघातील रहिवासी असावे लागते, पदवी मिळून किमान ३ वर्षे झालेली असावी लागतात आणि त्या यादीची नोंदणी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने होते. ‘माझे नाव होते’ असे आपण लिहिले आहे. पुढच्या वेळी ते आपोआप असेलच असे समजू नये.

अधिसभेची यादी विद्यापीठ स्वतः ठेवते. त्यासाठी विद्यापीठाकडे अर्ज करून आणि शुल्क भरून नोंदणीकृत पदवीधर व्हावे लागते. हे मतदार अधिसभेवर १० सदस्य पाठवतात. त्यांपैकी ५ जागा खुल्या असतात आणि उरलेल्या ५ अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी एकेक अशा राखीव असतात. अधिसभेपुढे विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण येते. निकाल महिनोन्महिने का लागत नाहीत, वसतिगृहासाठी ठेवलेला पैसा कुठे अडकला, हे प्रश्न कुलगुरूंसमोर अधिकृतपणे विचारण्याची ती जागा आहे. पदवी हाती पडली की विद्यापीठाशी नाते संपले, असे मानणाऱ्या आपल्या समाजात ही जागा फार थोड्यांच्या हाती उरते, याची मला खंत वाटते.

दोन्हीकडे मत पसंतीक्रमाने द्यायचे असते, म्हणजे नावापुढे फुली न मारता १, २, ३ असे आकडे लिहायचे. खुल्या ५ जागांसाठी ६,००० वैध मते पडली असतील, तर त्यांना जागांपेक्षा एकाने जास्त म्हणजे ६ ने भागून आलेल्या १,००० मध्ये एक मिळवायचा. १,००१ हा विजयाचा कोटा झाला. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मते आणि बाद होणाऱ्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. म्हणून मोजणी लांबते, परंतु अल्पसंख्य गटालाही आपला एखादा सदस्य पाठवण्याची संधी राहते.

प्रश्न : मी अमरावतीत नेमलेला वर्ग प्रतिनिधी आहे. निवडणूक नसताना मी नेमके काय करू शकतो? – एक विद्यार्थी

या चार पत्रांत मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटले. मतदान वर्षातून एक दिवस असते; नागरिक म्हणून खरे शिक्षण उरलेल्या दिवसांच्या बैठकांत होते आणि त्या बैठकांची दारे आजही पूर्ण बंद नाहीत.

पहिले काम वर्गातच करता येईल. वर्गात गुप्त मतदान घ्यावे आणि येणाऱ्या नावाची नेमणूक करावी, अशी विनंती प्राचार्यांना लेखी करावी. आपण स्वतः हरण्याची शक्यता धरूनच ती करावी.

त्यानंतर समित्यांची माहिती करून घ्यावी. २०१६ च्या कायद्याप्रमाणे महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. ही समिती वर्षातून किमान चार वेळा भरायला हवी आणि महाविद्यालयाचा अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीत, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असल्यास, तीन विद्यार्थी पारदर्शक निवडणुकीने यावे लागतात. आपल्याकडे ते कसे आले, याची चौकशी करावी. आयोगाच्याच २०२३ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने १५ कार्यदिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.

अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी हवी, अशी मागणी समजा वर्गाने केली. निवेदन देऊन फोटो काढला की काम झाले, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्याऐवजी सायंकाळी सहानंतर किती जण बसतात याची आठवडाभर नोंद ठेवा, पहारेकरी आणि वीज यांचा वाढीव खर्च लेखापालांकडून समजून घ्या, मुलींना परतायला एस.टी. किती वाजेपर्यंत आहे ते पाहा आणि मग हा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्यासाठी अर्ज करा. ‘विद्यार्थी दहापर्यंत थांबणारच नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर नोंदवही पुढे ठेवता येते. परीक्षेआधीचे दोन महिने आठ वाजेपर्यंत, असा मधला मार्ग निघाला तर तो वर्गाला समजावून सांगणे हेही आपलेच काम आहे आणि ते बहुधा प्राचार्यांना पटवण्यापेक्षा अवघड जाते.

बैठक झाल्यावर इतिवृत्ताची प्रत मागावी. आपण विरोध नोंदवला असेल तर तो त्यात आला आहे का, हे पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्यापूर्वीच तपासावे, कारण नंतर दुरुस्ती होत नाही. प्रत मिळाली नाही आणि महाविद्यालय शासकीय किंवा अनुदानित असेल, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.