हिशेबाला ‘धोरण’ कशासाठी?

प्रश्न असा आला आहे: ‘एका कंपनीच्या वार्षिक अहवालाचा मराठी अनुवाद करते आहे. वित्तीय विवरणपत्रांच्या मागे टिपा असतात, त्यातली पहिलीच टीप अकाउंटिंग पॉलिसींची. हिंदी अहवालात तिथे ‘लेखांकन नीतियाँ’ आहे. मराठीत कुठे ‘लेखा धोरणे’ दिसते, कुठे ‘लेखा पद्धती’. ‘धोरण’ म्हटले की मंत्रालय आठवते. हिशेबात कसले आले धोरण? दोन आणि दोन चारच होणार. तिथे ‘पद्धत’ जास्त बरोबर नाही का?’

माझे उत्तर ‘लेखाधोरण’. शब्द जोडून लिहावा आणि त्याला ‘पद्धत’ हा पर्याय देऊ नये. कारण सविस्तर सांगतो, कारण प्रश्न नुसता शब्दाचा नाही. चुकीचा शब्द घेतला तर त्या टिपेतली काही वाक्ये मराठीत अर्थहीन होतात.

आधी ‘दोन आणि दोन चार’ या मुद्द्याकडे येतो. समजा, कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याने ३,००० रुपये भावाने १०० क्विंटल गूळ घेतला. पुढे भाव चढला, तेव्हा ३,४०० ने आणखी १०० क्विंटल घेतला. वर्षभरात १२० क्विंटल विकला गेला, ३,६०० रुपये भावाने. विक्री ४,३२,००० रुपये. यात वाद नाही. आता विकलेला गूळ कोणता? आधी आलेला माल आधी गेला असे धरले, तर विकलेल्या मालाची किंमत ३,६८,००० आणि नफा ६४,०००. सरासरी भाव ३,२०० धरला, तर किंमत ३,८४,००० आणि नफा ४८,०००. गूळ तोच, गिऱ्हाईक तेच, गल्ल्यातले पैसे तेच, पण नफ्यात १६,००० रुपयांचा फरक. बेरीज दोन्हीकडे बिनचूक आहे आणि दोन्ही रीती आपल्याकडच्या लेखामानकांना, म्हणजे हिशेब कसा मांडावा याच्या अधिकृत नियमांना, मान्य आहेत. (शेवटी आलेला माल आधी गेला असे धरणे अमेरिकेत चालते, आपल्याकडे चालत नाही.) व्यापाऱ्याला दोन मान्य रीतींतली एक निवडावी लागते, निवडली की दरवर्षी तीच पाळावी लागते आणि कोणती निवडली हे वाचणाऱ्याला सांगावे लागते. निवडणे, पाळणे आणि सांगणे, या तिन्ही गोष्टी मिळून अकाउंटिंग पॉलिसी होते. आकडेमोड त्यानंतर सुरू होते.

माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. दिवाळीच्या आधी दोन दिवस शिल्लक मालाची टिपणी चाले. मी पोती मोजायचो, आजोबा वहीत लिहायचे. एका वर्षी तूरडाळीचा भाव खरेदीपेक्षा खाली आला होता. मी खरेदीचा भाव वाचून दाखवला, तर त्यांनी तो खोडून बाजारभाव लिहिला. मी म्हटले, ‘आजोबा, गेल्या साली तर खरेदीचा लिहिला होता.’ ते म्हणाले, ‘दोन्हींत कमी असेल तो लिहायचा. गेल्या साली खरेदीचा कमी होता. आपली रीत हीच.’ लेखामानकातले शब्द याहून जड आहेत, पण शिल्लक मालासाठी सांगणे हेच आहे: मूळ किंमत आणि विकून निव्वळ हाती येईल ती रक्कम, यांत कमी असेल ती.

‘आपली रीत’ हे शब्द मला अजून फार आवडतात. तरीही अहवालात ‘हिशेबाची रीत’ मी लिहिणार नाही. रीत वाडवडिलांकडून चालत आलेली असते, ती का पाळता असे कोणी विचारत नाही. कंपनीच्या संचालक मंडळाला हे विचारले जाते आणि उत्तर द्यावे लागते. ‘धोरण’ शब्दात तो विचारपूर्वक ठरवलेपणा आहे. ‘धोरणी माणूस’ म्हणतो तेव्हा पुढचे पाहून वागणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. आणि धोरण म्हणजे नेहमी सरकारच असे नाही. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण मराठी वर्तमानपत्रांत इतके रुळले आहे की तिथे मंत्रालय कोणाला आठवत नाही.

‘नीती’चा निकाल लवकर लागतो. हिंदीत ‘नीति’ म्हणजे धोरण, विदेश नीति, आर्थिक नीति. मराठीत राजनीती, कूटनीती अशा समासांत तो अर्थ उरला आहे, पण सुटा ‘नीती’ शब्द आला की आपल्याला नीतिमत्ताच ऐकू येते. ‘कंपनीची लेखानीती’ वाचणारा मराठी माणूस समजेल की हिशेबात लबाडी केलेली नाही अशी ग्वाही दिली आहे. हिंदी अहवालावरून मराठी अहवाल करणाऱ्यांनी हा शब्द जरूर टाळावा. विम्याच्या पॉलिसीला मात्र कोणी धोरण म्हणत नाही आणि ते योग्यच आहे. इंग्रजीत दिसायला एक असले तरी ते दोन वेगळे शब्द आहेत. राज्यकारभाराची पॉलिसी ग्रीक ‘पोलितेया’पासून, तर विम्याची पॉलिसी दाखला किंवा पुरावा या अर्थाच्या ग्रीक ‘अपोदेइक्सिस’पासून, इटालियन ‘पोलिझ्झा’च्या वाटेने आलेली. मराठीने कानाने ऐकून हा भेद बरोबर पाळला आहे.

आता ‘पद्धत’. इथे जरा थांबायला हवे, कारण तुमच्या शंकेत तथ्य आहे. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे पहिलेच लेखामानक, १९७९ सालचे, याच विषयावर आहे. लेखाधोरणे म्हणजे संस्थेने अवलंबलेली विशिष्ट तत्त्वे आणि ती तत्त्वे लागू करण्याच्या पद्धती, अशा अर्थाची व्याख्या त्यात आहे. म्हणजे पद्धत तिथे आहेच, पण धोरणाचा एक भाग म्हणून. अंशाचे नाव पूर्णाला दिले की काय होते, ते घसाऱ्यावरून पाहू.

घसारा हा आपला अस्सल शब्द. वापरून वापरून वस्तू घासते, झिजते, तेवढी तिची किंमत दरवर्षी वहीत उतरवायची. ती दरवर्षी सारखी उतरवली तर सरळ रेषा पद्धत. उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के उतरवली तर घटत्या शिलकेची पद्धत. या दोन्हींना सगळेच ‘पद्धत’ म्हणतात आणि म्हणायलाच हवे. पूर्वी आपल्याकडे घसाऱ्याची पद्धत बदलणे म्हणजे लेखाधोरण बदलणे मानत. मग मालमत्ता वापरात आली त्या दिवसापासूनचा घसारा नव्याने मोजावा लागे. २०१६ साली सुधारित लेखामानक १० आले, घसाऱ्याचे जुने मानक ६ गेले आणि हे उलटले. आता घसाऱ्याची पद्धत बदलणे हा लेखा-अंदाजातला बदल आहे. यंत्र कसे झिजेल, किती वर्षे टिकेल याचा अंदाज बदलला, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा परिणाम चालू आणि पुढच्या वर्षांवर होतो, मागचे आकडे तसेच राहतात. लेखाधोरण बदलले तर मात्र एरवी मागच्या वर्षाचे आकडेही नव्या धोरणाने पुन्हा मांडायचे असतात, पूर्वलक्षी प्रभावाने. भारतीय लेखामानक ८ मध्ये (‘भारतीय लेखामानके’ म्हणजे इंड-एएस, हा वरच्या लेखामानकांहून वेगळा संच) हा भेद स्पष्ट आहे. भागधारकाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

यामुळे अहवालात असे वाक्य येऊ शकते: ‘कंपनीने यावर्षी घसाऱ्याची पद्धत बदलली आहे, परंतु हा लेखाधोरणातील बदल नाही.’ आता ‘धोरण’च्या जागी ‘पद्धत’ घालून वाचा: ‘घसाऱ्याची पद्धत बदलली आहे, परंतु हा लेखापद्धतीतील बदल नाही.’ वाचणारा दोनदा वाचेल आणि छापताना काही सुटले असावे असे समजेल. म्हणून ‘पद्धत’ हा शब्द मेथडसाठी राखून ठेवा.

शब्दाच्या पोटात डोकावले तर ‘लेखाधोरण’ आणखी आवडू लागतो. संस्कृतात ‘लेखा’ म्हणजे रेघ, कोर. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ आहे, ती प्रतिपदेच्या चंद्राची कोर. मराठीत त्याच घराण्यातला ‘लेखणे’ आहे, म्हणजे मानणे, धरणे. तुच्छ लेखणे, कमी लेखणे. हिशेबात नेमका हाच प्रश्न येतो: संशोधनावर केलेला खर्च खर्च लेखायचा की मालमत्ता? आगाऊ आलेली रक्कम उत्पन्न लेखायची की देणे? आणि संस्कृतात ‘धोरणी’ म्हणजे अखंड ओळ, परंपरा. एकदा धरलेली ओळ दरवर्षी न मोडता पुढे नेणे ही तर लेखाधोरणाची पहिली अट. १९७९ च्या त्या मानकात तीन मूलभूत गृहीतके आहेत, त्यांतले एक सातत्याचे. ही तिन्ही पाळली असतील तर तसे सांगण्याची गरज नसते. पाळली नसतील तर मात्र सांगावेच लागते.

दुसरे गृहीतक इंग्रजीत गोइंग कन्सर्न, म्हणजे धंदा नजीकच्या काळात बंद पडणार नाही, चालू राहील. याचा ‘चालू चिंता’ असा अनुवाद मी एका छापील अहवालात पाहिला आहे. कंपनी कोणती ते सांगत नाही, पण ते वाचून मला खरोखर वाईट वाटले. कन्सर्न म्हणजे इथे पेढी, व्यवसाय. आपण सहज म्हणतो, ‘चालतं दुकान विकलं’, ‘चालत्या धंद्यात पैसे घातले’. मग ‘चालता व्यवसाय’ लिहा. कुठे कुठे यालाही ‘सातत्य’ म्हणतात, ते टाळा, नाहीतर दोन वेगळ्या गृहीतकांना एकच नाव मिळते.

तिसरे गृहीतक अक्रूअलचे. पुस्तकी शब्द ‘उपार्जित’. तो वापरावा, पण पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगावा. मराठीत ‘येणे’ आणि ‘आलेले’ हा फरक आयता आहे. माल उधारीवर मार्चमध्ये गेला, पैसे मेमध्ये मिळाले. येणे मार्चमध्ये झाले, म्हणून उत्पन्न मार्चचे. पैसे आलेले मेमध्ये, त्याने उत्पन्नाचे वर्ष बदलत नाही.

‘ऐतिहासिक किंमत’ हाही हिस्टॉरिकल कॉस्टचा असाच एक आंधळा अनुवाद. तिथे ‘मूळ किंमत’ लिहा. यंत्र ज्या किमतीला घेतले ती किंमत, बस.

तुम्ही विचारले नाही, पण याच टिपेत आणखी एक अडचण येणार आहे. पूर्वी या टिपेचे शीर्षक सिग्निफिकंट अकाउंटिंग पॉलिसीज असे असे आणि मराठीत ‘महत्त्वाची लेखाधोरणे’ लिहीत. भारतीय लेखामानके लागू असलेल्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून सिग्निफिकंटच्या जागी मटेरियल आले. मटेरियल म्हणजे अशी माहिती, जी गाळली किंवा चुकीची दिली तर अहवाल वाचून निर्णय घेणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो. यंत्राकडून अनुवाद करून घेतला तर इथे ‘साहित्य’ किंवा ‘भौतिक’ येते, दोन्ही साफ चूक. मराठी कायद्याच्या भाषेत मटेरियल फॅक्टला ‘महत्त्वाची वस्तुस्थिती’ म्हणायची चाल आहे. म्हणून मी ‘महत्त्वाची’ हा शब्द मटेरियलला देतो, आणि जुन्या सिग्निफिकंटचा वेगळा उल्लेख करावा लागला तर ‘ठळक’ म्हणतो. हे माझे मत आहे, यावर कोणाला याहून चांगला शब्द सुचला तर मला हवाच आहे.

लिहिण्याबद्दल थोडे. लेखापरीक्षण, लेखाधिकारी, लेखाशीर्ष हे आपण जोडून लिहितो, तसेच लेखाधोरण, लेखाधोरणे, लेखाधोरणांनुसार. क्रियापद कोणते, हेही सांभाळावे लागते. सरकार धोरण ‘आखते’ आणि ‘राबवते’. कंपनी लेखाधोरण ‘अवलंबते’ किंवा ‘अनुसरते’, कारण ते तिने शून्यातून घडवलेले नसते, मानकांनी मोकळ्या ठेवलेल्या वाटांतली एक तिने धरलेली असते. ‘कंपनीने राबवलेली लेखाधोरणे’ वाचले की योजना राबवल्यासारखे वाटते. तुम्हाला ‘धोरण’ ऐकून मंत्रालय आठवले, त्यात या क्रियापदाचाही हात असू शकेल.

तर तुमच्या पहिल्या टिपेची सुरुवात मी अशी केली असती: ‘महत्त्वाच्या लेखाधोरणांची माहिती. ही वित्तीय विवरणपत्रे कंपनी हा चालता व्यवसाय आहे असे धरून, उपार्जित तत्त्वावर तयार केली आहेत. म्हणजे उत्पन्न आणि खर्च ज्या वर्षी येणे किंवा देणे झाले त्या वर्षात घेतले आहेत, पैसे केव्हा मिळाले किंवा दिले यावर ते अवलंबून नाही. वेगळे नमूद केले नसेल तेथे मालमत्ता मूळ किमतीला दाखवल्या आहेत. शिल्लक माल मूळ किंमत आणि निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी कमी असेल त्या रकमेला धरला असून मूळ किंमत भारित सरासरीने काढली आहे. गेल्या वर्षी अवलंबलेली लेखाधोरणेच यंदाही अवलंबली आहेत.’ यातले शेवटचे वाक्य लिहिण्याआधी मात्र हिशेब तपासणाऱ्यांना एकदा विचारून घ्या. त्या वर्षी एखादे धोरण बदललेले असेल, तर ते वाक्य तिथे राहता कामा नये.