व्हायलवर ‘शुद्ध’ लिहिलंय, पण कशापासून?

या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय अपोलायपोप्रोटीन ए-१. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एचडीएल कणातलं हे मुख्य प्रथिन. २४३ अमिनो आम्लं, वजन साधारण २८ किलोडाल्टन. पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड उचलून एचडीएल तयार करायचं हे त्याचं काम. मानवी प्लाझ्मातून शुद्ध केलेलं हे प्रथिन संशोधनासाठी विकत मिळतं आणि त्यावरचे प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात.

प्रश्न : १ मिलिग्रॅमची लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेली) व्हायल मागवली. १ मिलि पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारं बफर) घालून व्हॉर्टेक्स केलं (यंत्रावर जोरात घुसळलं), तर फेस झाला आणि तळाशी धागे राहिले. माल वाया गेला का? (पीएच.डी. विद्यार्थिनी, पुणे)

वाया गेला नाही, पण व्हॉर्टेक्स थांबवा. या प्रथिनाच्या हेलिक्सना (साखळीच्या पिळांना) एक बाजू पाण्याची आणि एक बाजू चरबीची असते. चरबी काढून सुकवलं की चरबीच्या बाजू एकमेकींनाच चिकटतात. फेसाच्या पृष्ठभागावरही हे प्रथिन जाऊन बसतं, म्हणून जितकं हलवाल तितकं गमवाल.

आत्ताच्या १ मिलि द्रावणात सुमारे ०.४ ग्रॅम घन ग्वानिडीन हायड्रोक्लोराइड घाला. आकारमान १.३ मिलिच्या आसपास जाईल आणि ग्वानिडीन साधारण ३ मोलर होईल. व्हायल हळूच उलटी-सुलटी करा आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. चिकटलेले हेलिक्स उलगडतात, धागे जातात. मग १० किलोडाल्टन कटऑफच्या (त्याहून मोठे रेणू अडवणाऱ्या) नळीत भरून दर वेळी १ लिटर बफर, असं तीनदा डायलिसिस करा. ३० किलोडाल्टनची नळी घेऊ नका, प्रथिन सिंकमध्ये जाईल. ग्वानिडीन निघून गेलं की प्रथिन आपोआप घडी घालतं. त्यात एकही सिस्टीन (डायसल्फाइड बंध जुळवणारं अमिनो आम्ल) नसल्यामुळे चुकीचे डायसल्फाइड जुळण्याची भीती नाही. (अपवाद इटलीतल्या लिमोने गावच्या कुटुंबांत सापडलेल्या ‘मिलानो’ प्रकाराचा. त्यात १७३व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन आहे.) शेवटी १० मिनिटं वेगात सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रावण घ्या.

जेलचा (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीचा) नमुना डायलिसिसनंतरच काढा. ग्वानिडीन आणि एसडीएस (जेलच्या बफरमधला साबणासारखा पदार्थ) एकत्र आले की लगेच साका होतो. जेलच्या विहिरीत (नमुन्याच्या खाचेत) दही लावल्यासारखा पांढरा गोळा बसतो आणि लेन रिकामी जाते.

पुढची व्हायल आली की आधी सोबतचा कागद वाचा, कारण काही पुरवठादार हे प्रथिन द्रवरूपातच पाठवतात. सुकं असेल तर व्हायल खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंडगार उघडली तर हवेतली ओल आत धरते. तयार द्रावणाचे ५०-१०० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा, उरलेला परत गोठवायचा नाही.

प्रश्न : प्रथिनाचं प्रमाण मोजताना ब्रॅडफर्डने (रंगाच्या चाचणीने) आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाने वेगवेगळे आकडे येतात. कुठला धरायचा? (प्रकल्प सहायक, मुंबई)

२८०चा. ब्रॅडफर्डचा रंग मुख्यतः आर्जिनीनला चिकटतो आणि तुमचं स्टँडर्ड बहुधा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असतं, त्यामुळे फरक पडणारच. या प्रथिनात ४ ट्रिप्टोफॅन आणि ७ टायरोसीन आहेत. त्यावरून १ मिग्रॅ/मिलि द्रावणाचं शोषण १.१५ येतं. दहापट पातळ करून ०.२१ वाचलंत, तर मूळ २.१, भागिले १.१५, म्हणजे १.८ मिग्रॅ/मिलि, साधारण ६५ मायक्रोमोलर. त्याच वेळी ३२० नॅनोमीटरवरही वाचा. तिथे शून्याच्या जवळ नसेल तर द्रावणात गुठळ्या किंवा उरलेली चरबी आहे, आणि २८०चा आकडाही फुगलेला आहे.

प्रश्न : जे७७४ पेशींवर कोलेस्टेरॉल एफ्लक्स (पेशीतून किती कोलेस्टेरॉल बाहेर पडतं याची चाचणी) केला. प्रथिन घातलेल्या आणि न घातलेल्या विहिरींत (पेशींच्या प्लेटच्या खळग्यांत) फरकच नाही. उलट टीएनएफ (पेशी दाहाचा संदेश म्हणून सोडतात ते प्रथिन) मात्र वाढला. प्रथिन उकळून कंट्रोल घेतला, तोही तसाच! (संशोधक, हैदराबाद)

यात दोन घोटाळे एकत्र आहेत. ते वेगळे करू.

आधी एफ्लक्स. चरबीविरहित ए-१ला कोलेस्टेरॉल हाती देणारा पंप म्हणजे पेशीवरचा एबीसीए१. टँजियर रोगात हाच पंप बिघडलेला असतो, हे १९९९ साली कळलं. त्या रुग्णांत ए-१ तयार होतं, पण त्याला चरबी मिळत नाही आणि ते रक्तातून भराभर निघून जातं. जे७७४ उंदराच्या पेशी आहेत आणि नुसत्या वाढवल्या तर त्यांच्यावर एबीसीए१ फारसा नसतो. ट्रिशिअमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेल्या) कोलेस्टेरॉलने एक दिवस लेबल करा. मग ०.२ टक्के बीएसए असलेल्या सीरमविरहित माध्यमात एबीसीए१ वाढवण्यासाठी ०.३ मिलिमोलर सीपीटी-सीएएमपी घालून रात्रभर ठेवा. त्यानंतर मिलिला १० मायक्रोग्रॅम ए-१ द्या आणि ४ तासांनी माध्यम काढा. माध्यम ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून घ्या, नाहीतर सुटलेल्या पेशींतलं कोलेस्टेरॉलच मोजलं जाईल. माध्यमातले काउंट भागिले माध्यम अधिक पेशींतले एकूण काउंट, ही टक्केवारी काढा आणि त्यातून ए-१ नसलेल्या विहिरीची टक्केवारी वजा करा. सीएएमपी असलेली-नसलेली, ए-१ असलेली-नसलेली, अशा चारही विहिरी हव्यात. सीरम राहिलं असेल तर त्यातलं एचडीएलच कोलेस्टेरॉल ओढतं आणि तुमचा फरक बुजतो. मानवी टीएचपी-१ पेशींवर मात्र सीएएमपीची ही युक्ती चालत नाही. तिथे एबीसीए१ वाढवायला एलएक्सआर अॅगोनिस्ट लागतो.

आता टीएनएफ. ‘९५ टक्क्यांहून शुद्ध’ हा शेरा जेलवरून दिलेला असतो आणि जेलवर एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस, दिसत नाही. चरबीला धरणारं प्रथिन एलपीएसलाही धरतं, त्यामुळे कुठल्याही टप्प्यावरची घाण सोबत येते. इ. कोलायमध्ये बनवलेल्या रीकॉम्बिनंट ए-१मध्ये हा धोका अधिक.

उकळण्याचा कंट्रोल इथे काहीच सांगत नाही. ए-१ सुमारे ६० अंशांना उलगडतं आणि थंड झालं की बरंचसं परत घडी घालतं, म्हणून उकळलेलं प्रथिन मेलेलं नसतं. एलपीएसला तर उकळीचं काहीच वाटत नाही. ए-१मुळे असो वा एलपीएसमुळे, उकळूनही निकाल तसाच येणार. त्याऐवजी एक भाग प्रोटिनेज-के लावून पचवा, मग एंझाइम थांबवा, आणि नुसत्या एंझाइमचीही एक विहीर ठेवा. दुसऱ्या भागात एलपीएसला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी घाला. पचवूनही टीएनएफ टिकला आणि पॉलिमिक्सिनने उतरला, तर तो एलपीएसचाच. प्रत्येक लॉटची एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) चाचणी करून घेतलीत तर ही वेळच येणार नाही.

प्रश्न : प्रथिन ‘जिवंत’ आहे का, हे स्वस्तात कसं तपासावं? डीएमपीसी क्लिअरन्स (प्रथिन डीएमपीसी या फॉस्फोलिपिडचं दुधट द्रावण किती लवकर निवळतं याची चाचणी) करून पाहिला, पण लॉट कुठलाही घ्या, वेगळं काही दिसत नाही. (अध्यापक, नागपूर)

चाचणी योग्य निवडलीत, घोळ तुमच्या खोलीच्या तापमानाचा आहे. डीएमपीसी २४ अंशांना घट्ट अवस्थेतून पातळ अवस्थेत जातं, आणि त्या काठावरच त्याच्या थरांत फटी पडतात. ए-१ तिथूनच आत शिरतं आणि दुधट द्रावण निवळतं. नागपुरात मे महिन्यात खोली ३२वर असेल, तर चांगलं प्रथिनही आळशी दिसतं. पाण्याचं जॅकेट असलेला क्युव्हेट होल्डर वापरा, आणि डीएमपीसी व प्रथिन दोन्ही आधी २४.० अंशांवर आणा.

डीएमपीसीचं क्लोरोफॉर्म नायट्रोजनने उडवा, व्हॅक्यूममध्ये काही तास ठेवा. मग बफर घालून ३० अंशांवर व्हॉर्टेक्स करा. इथे व्हॉर्टेक्स चालतो, कारण अजून प्रथिन नाही. वजनाने १ भाग प्रथिनाला २.५ भाग डीएमपीसी घ्या आणि ३२५ नॅनोमीटरवर १५ मिनिटं वाचत राहा. एक क्युव्हेट प्रथिनाशिवाय ठेवा. चांगल्या लॉटची रेषा पहिल्या काही मिनिटांतच झपाट्याने खाली येते. वही उघडून जुन्या लॉटची रेषा शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : जेलवर २८च्या खाली १७ किलोडाल्टनला फिकट पट्टा आहे. प्रथिन तुटलंय? (विद्यार्थी, औरंगाबाद)

बहुधा नाही. तो एचडीएलमधला शेजारी, अपो-ए-२. त्याच्या दोन साखळ्या डायसल्फाइडने जोडलेल्या असतात. तोच नमुना डायसल्फाइड तोडणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घालून परत चालवा. पट्टा १७वरून ९च्या जवळ उतरला तर ते ए-२, जागेवरच राहिला तर मात्र ए-१चा तुकडा.